पिंजरा न लावणारा अधिकारी

मुलुंड, ठाणे, बोरिवली किंवा गोरेगावच्या एखाद्या सोसायटीच्या सीसीटीव्हीत रात्री बिबट्या दिसला, की सकाळी दहाच्या आत तो व्हिडिओ गावभर फिरलेला असतो आणि दुपारपर्यंत वनखात्याकडे एकच मागणी पोचते: पिंजरा लावा. सोसायटीचे सेक्रेटरी लेखी पत्र देतात, स्थानिक पुढाऱ्याचा फोन येतो, आमदारांचे पीए 'काय झालं त्या बिबट्याचं' म्हणून विचारतात. पिंजऱ्याने प्रश्न सुटत नाही, कधीकधी चिघळतो, हे अनुभवी वनाधिकाऱ्याला ठाऊक असतं. पण पिंजरा लावला तर सगळे खूश होतात, फोटो छापून येतो, खात्याने काहीतरी केलं असं दिसतं. नाही लावला आणि पुढे काहीच घडलं नाही, तर त्याची दखल घ्यायला कुणी येत नाही. नाही लावला आणि दुर्दैवाने एखाद्यावर हल्ला झाला, तर चौकशी मात्र त्याचीच.

जे घडू दिलं नाही ते मोजण्याची पट्टी ज्या नोकरीत नाही, तिथे शहाणपणाने वागणारा माणूस एकतर हट्टी असावा लागतो नाहीतर नशीबवान. सरकारी सेवेत वन्यजीव संरक्षण ही अजूनही एक नेमणूक आहे, कारकीर्द नाही, आणि याची किंमत अधिकाऱ्यापेक्षा शहरच जास्त मोजतं, असं माझं म्हणणं आहे. मुंबईपुरतं तरी ते दाखवून देता येतं.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०३ चौरस किलोमीटरचं. त्याच्या भोवती दाटून बसलेली वस्ती, आत कान्हेरी लेणी, तुळशी आणि विहार तलाव, आदिवासी पाडे. २००२ ते २००४ या काळात इथे बिबट्याच्या हल्ल्यांनी कळस गाठला. २००४ च्या एका जून महिन्यातच मृतांचा आकडा दहाच्या आसपास गेला. त्या वेळचा उपाय ठरलेला होता: दिसला बिबट्या की पकड आणि नेऊन सोड. आजूबाजूच्या भागात पकडलेले बिबटेही उद्यानातच सोडले जात. त्याच सुमारास जुन्नर भागात उसाच्या पट्ट्यातून मोठ्या संख्येने बिबटे पकडून लांबच्या जंगलात सोडले जात होते. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सगळ्याचा नीट अभ्यास केला तेव्हा दिसलं ते उलटंच. जिथे बिबटे सोडले तिथे माणसांवरचे हल्ले वाढले. आपली जागा, आपली वाट ठाऊक असलेलं जनावर उचलून परक्या मुलखात टाकलं की ते बिथरतं, आणि रिकाम्या झालेल्या जागी दुसरं येतं. 'आजोबा' नावाच्या बिबट्याने तर २००९ मध्ये हे चालूनच दाखवलं. टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढून, गळ्यात कॉलर बांधून त्याला माळशेज घाटात सोडलं. पठ्ठ्या सव्वाशे किलोमीटरच्या आसपास अंतर कापून आपल्या याच उद्यानाच्या नागला भागात येऊन राहिला.

मग २०११ मध्ये उद्यानाचे तेव्हाचे प्रमुख सुनील लिमये यांच्या काळात वनखातं, अभ्यासक आणि सामान्य मुंबईकर यांनी मिळून एक काम हाती घेतलं. त्या कामात थरार असा काहीच नव्हता. सोसायट्यांमध्ये बैठका घ्यायच्या. बिबट्या आला की पोलिसांनी आधी जनावराला नव्हे, गर्दीला आवरायचं, हे पोलीस ठाण्यांमध्ये जाऊन समजवायचं. 'नरभक्षक' हा शब्द उगाच वापरू नका म्हणून पत्रकारांशी बोलायचं. उघड्यावरचा कचरा कुत्र्यांना बोलावतो आणि कुत्री बिबट्याला, हे महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात पुन्हापुन्हा सांगायचं. कॅमेरा ट्रॅप लावून बिबट्यांच्या अंगावरच्या ठिपक्यांवरून प्रत्येकाची ओळख ठेवायची, म्हणजे उद्या हल्ला झालाच तर हाताला लागेल तो बिबट्या पकडण्याची वेळ येत नाही. २०१५ च्या गणनेत उद्यान आणि परिसरात ३५ बिबटे नोंदले गेले, २०१८ मध्ये ४७. म्हणजे बिबटे कमी झाले नाहीत, तरी २००४ सारखी परिस्थिती पुन्हा आली नाही. हल्ले अजिबात थांबले असंही नाही. २०२१ मध्ये उद्यानाला लागून असलेल्या आरेत हल्ल्यांची मालिका झाली, आणि २०२२ च्या ऐन दिवाळीत तिथेच एका तान्ह्या मुलीचा जीव गेला. त्या घरासमोर उभं राहून आकडेवारी सांगण्याची हिंमत कुणी करू नये. पण दोन्ही काळांतला फरक खरा आहे आणि तो माणसांनी घडवला आहे.

आता या माणसांचं पुढे काय होतं? बदली होते.

महाराष्ट्रात बदल्यांचा कायदा आहे, २००५ चा. अखिल भारतीय सेवेतल्या अधिकाऱ्यांसह वरच्या तिन्ही गटांना एका पदावर साधारण तीन वर्षं, आणि बदल्या वर्षातून एकदा, एप्रिल किंवा मे महिन्यात, असं तो सांगतो. त्याआधी हलवायचं असेल तर कारण लेखी नोंदवून वरिष्ठाची मंजुरी घ्यावी, असंही सांगतो. तलाठ्यापासून सचिवापर्यंत सगळ्यांना एकच माप. एप्रिल-मे हा शाळेतल्या मुलांच्या दृष्टीने सोयीचा काळ असेल. जंगलात तो वणव्यांचा आणि आटणाऱ्या पाणवठ्यांचा असतो. नेमक्या त्याच वेळी साहेब बदलतात. नवे साहेब येतात ते कदाचित सामाजिक वनीकरणातून, कदाचित जंगलांचे आराखडे आखणाऱ्या कार्य आयोजनेतून, कदाचित वनविकास महामंडळातून. माणूस हुशार असतो, कष्टाळूही असतो. पण कुठल्या पाड्यावर कोणाशी बोललं की निरोप घरोघर पोचतो, कुठल्या नाल्याकडून बिबटे रस्ता ओलांडतात, कुठल्या भिंतीला पडलेलं भगदाड कोण दर वर्षी मोठं करतं, रेस्क्यू टीममधल्या कोणावर डोळे मिटून भरवसा ठेवावा, हे कुठल्याच फाइलमध्ये लिहिलेलं नसतं. ते शिकायला दीड-दोन वर्षं जातात. मग हातात एक वर्ष उरतं, आणि त्यातही शेवटचे सहा महिने पुढच्या पोस्टिंगची कुजबुज चालू असते. चार्ज देण्याघेण्याचा कार्यक्रम एका दिवसात आटोपतो: सह्या, चहा, पुष्पगुच्छ. इमारती, गाड्या, बंदुका, डार्ट गन यांची यादी नीट हस्तांतरित होते. जनावरांची आणि माणसांची समज होत नाही.

या नोकरीची शिडीच तशी बांधलेली आहे. वर यायला दोन मुख्य दारं: यूपीएससीतून भारतीय वन सेवा, जी १९६६ मध्ये सुरू झाली आणि जिचं प्रशिक्षण देहरादूनला होतं, आणि एमपीएससीतून सहायक वनसंरक्षक किंवा वनपरिक्षेत्र अधिकारी. दोन्हीकडे पाया वनशास्त्राचा, म्हणजे मुळात लाकूड, लागवड आणि महसूल यांचा. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९७३ चा व्याघ्र प्रकल्प हे या इमारतीवर नंतर चढवलेले मजले. देहरादूनच्याच भारतीय वन्यजीव संस्थेत अधिकाऱ्यांसाठी पदविका अभ्यासक्रम आहे, चांगला आहे. पण तो करून आलेला माणूस पुढच्याच वर्षी रोपवाटिकांचे हिशेब तपासत बसला तर खात्यात कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. बढती ज्येष्ठतेने येते आणि प्रत्येक बढती जंगलापासून एक पाऊल लांब नेते. वनसंरक्षक, मुख्य वनसंरक्षक, अपर प्रधान मुख्य वनसंरक्षक... जसजसं पदाचं नाव लांबत जातं तसतशी पायपीट आखडत जाते.

वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली यांचं उदाहरण इथे आठवल्याशिवाय राहत नाही. कर्नाळा, नवेगाव, नागझिरा, मेळघाट असा त्यांचा प्रवास. १९९० मध्ये निवृत्त झाले तेव्हा ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचे उपसंचालक होते. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. खात्याच्या दृष्टीने ही मधल्या फळीतली कारकीर्द. त्या काळात त्यांच्या वर असलेल्या साहेबांची नावं आज कुणाला सांगता येतील? मला तरी येणार नाहीत. जंगलात मुरलेल्या माणसाला जंगलातच ठेवून मोठं करण्याची सोय त्या रचनेत तेव्हा नव्हती, आणि आजही नाही.

यावर एक उपाय नेहमी सुचवला जातो: वन्यजीवांसाठी वेगळं केडर काढा. ऐकायला सरळ वाटतं, पण मला तो पटत नाही. बिबट्या उद्यानाची हद्द पाळत नाही. जुन्नरचे बिबटे उसात जन्मतात, उसातच मरतात. तिथला अधिकारी प्रादेशिक विभागाचा असतो. ठाणे खाडीच्या फ्लेमिंगोंना २०१५ मध्ये सुमारे १७ चौरस किलोमीटरचं अभयारण्य मिळालं, २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जाही मिळाला. पण भरती आली की तेच पक्षी अभयारण्याबाहेर नवी मुंबईच्या पाणथळ जागांवर येऊन बसतात, आणि तिथे सिडको असते, महापालिका असते, बिल्डर असतो. वेगळं केडर काढलं तर ते कुंपणाच्या आतल्या प्राण्यांचं होईल आणि बाहेरच्यांना 'हे आमचं काम नाही' म्हणायची आयती सोय होईल. हवं ते वेगळंच. अशा काही मोजक्या जागा ठरवाव्यात, जिथे वन्यजीव आणि शहर रोज समोरासमोर येतात. तिथे अधिकाऱ्याला किमान पाच वर्षं ठेवावं, आणि बढती आली तर ती त्याच खुर्चीत द्यावी.

हे जमतं याचा पुरावा मुंबईतच आहे. कांदळवनांबाबत उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कडक आदेश दिले, पण तेवढ्याने त्यांच्यावर पडणारा राडारोडा थांबला नाही. २०१२ च्या सुरुवातीला स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला, आणि एन. वासुदेवन हे त्याचे पहिले प्रमुख सुरुवातीची बरीच वर्षं तिथेच राहिले. कक्षाचा जम बसला, अभयारण्य झालं, ऐरोलीचं किनारी जैवविविधता केंद्र उभं राहिलं, ज्या खाडीकडे मुंबईकर नाक दाबून पाहायचा तिथे तो पैसे देऊन बोटीतून फ्लेमिंगो बघायला जाऊ लागला. आदेश न्यायालयाचा, पण तो जमिनीवर उतरवायला एक माणूस पुरेसा काळ एका जागी बसला होता.

अर्थात मुदत दिली म्हणजे कणा येतोच असं नाही. या नोकरीतलं सगळ्यात अवघड काम 'नाही' म्हणण्याचं. वन्यजीव संरक्षण कायदा पाहिला तर तो चकित होण्याइतका ठाम आहे. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात अधिवासाला धक्का लावायची परवानगी कधी द्यावी? तर ते वन्यजीवांच्याच सुधारणेसाठी आणि अधिक चांगल्या व्यवस्थापनासाठी आवश्यक असेल तेव्हाच, असं कलम २९ आणि ३५ म्हणतं. आता ठाणे-बोरिवली जुळा बोगदा याच उद्यानाखालून चालला आहे. बोगदा नको असं माझं म्हणणं नाही. घोडबंदर रोडवर अडकलेल्या माणसाला ते सांगून पाहा. पण त्या बोगद्याने बिबट्यांचं व्यवस्थापन सुधारतं हे कागदावर लिहायची वेळ कुणावर तरी येते. प्रकल्पांच्या फायली राज्य वन्यजीव मंडळाकडे जातात, ज्याचे अध्यक्ष मुख्यमंत्री असतात, आणि पुढे राष्ट्रीय मंडळाच्या स्थायी समितीकडे. त्या जाडजूड फायलीत अधिकाऱ्याचं मत हा एक कागद. तो प्रतिकूल असेल तर काय होऊ शकतं हे हरियाणातल्या संजीव चतुर्वेदींच्या बाबतीत देशाने पाहिलं: एका अभयारण्यातल्या कालव्याच्या कामाला हरकत घेतली आणि नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत डझनभर बदल्या झाल्या. २०१५ मध्ये त्यांना मॅगसेसे मिळालं. पण प्रत्येक वनाधिकाऱ्याने मॅगसेसेच्या तोलामोलाचं धैर्य दाखवावं, ही अपेक्षा ठेवून खातं चालत नाही.

दुसरं टोक गोपनीय अहवालाचं, म्हणजे अधिकाऱ्याच्या कामाच्या वार्षिक मूल्यमापनाचं. अहवाल कोण लिहितो त्यावर अधिकारी कोणाला घाबरतो हे ठरतं. मध्य प्रदेश सरकारने जून २०२४ मध्ये आदेश काढला की वन अधिकाऱ्यांच्या कामावर जिल्हाधिकारी आणि विभागीय आयुक्तांचंही मत नोंदवलं जावं. म्हणजे ज्या जिल्हाधिकाऱ्यावर खाण, रस्ते, कालवे वेळेत पूर्ण करण्याची जबाबदारी, तोच त्यांना हरकत घेणाऱ्याला गुण देणार. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने, तो आदेश रद्द केला. वन अधिकाऱ्याचा अहवाल वनखात्यातल्याच वरिष्ठाने लिहावा, हे न्यायालय २००० सालीच सांगून बसलं होतं. निकाल योग्य आहे. तरीही त्याने मी निश्चिंत होत नाही. मार्च २०२१ मध्ये मेळघाटातल्या हरिसालच्या वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी आत्महत्या केली, आणि मागे ठेवलेल्या पत्रात वरिष्ठाकडून होणाऱ्या छळाबद्दल लिहिलं. बाहेरच्या दबावापासून खात्याला वाचवायचं म्हणून खात्याच्या आत एकाच माणसाच्या हाती सगळी दोरी द्यायची, तर दुर्गम रेंजमधल्या तरुण अधिकाऱ्याने दाद कोणाकडे मागायची? वरिष्ठाने लिहावं, पण हाताखालच्यांचं आणि बाहेरच्या एखाद्या अभ्यासकाचंही म्हणणं त्यात यावं. आणि अहवालात एक रकाना नकाराचा असावा: कोणती मागणी नाकारली, का नाकारली, पुढे काय झालं.

मी आतापर्यंत साहेबांविषयीच बोललो. बातम्याही त्यांच्याच होतात. पण ज्याला आपण वनखातं म्हणतो ते रात्री दोन वाजता प्रत्यक्षात वनरक्षक, वनमजूर आणि रेस्क्यू टीमच्या रूपाने आपल्या दारात येतं. गर्दी पांगवणारा, शिव्या खाणारा, जाळं धरणारा तो. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबात व्याघ्रगणनेच्या तयारीसाठी पायी निघालेल्या वनरक्षक स्वाती ढुमणे वाघिणीच्या हल्ल्यात मारल्या गेल्या. त्या आपलं नेमून दिलेलं काम करत होत्या. या पायरीवरच्या माणसाकडे जंगलाचं ज्ञान सगळ्यात जास्त असतं आणि शिडी सगळ्यात आखूड. वनरक्षकाचा वनपाल व्हायला वर्षानुवर्षं जातात, आणि त्याला बिबट्याची पारख आहे की नाही याचा त्या बढतीशी काहीएक संबंध नसतो. रोजंदारीवरच्या माणसाला तर तेवढंही नाही. वीस वर्षं बेशुद्ध बिबट्यांची डोकी मांडीवर सांभाळलेल्या माणसाला सरकार 'अकुशल' या सदरात मजुरी देतं. साहेबांची पाच वर्षं हवीतच. पण ही माणसं टिकली तर साहेब लवकर बदलण्याचा फटका निम्म्याने कमी होईल.

'एकाच जागी पाच-सात वर्षं बसवलं तर वतनदारी तयार होईल' हा आक्षेप मला खोटा वाटत नाही. बदल्या सुरू झाल्या त्याच हितसंबंध जमू नयेत म्हणून. राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात २००५ च्या सुमारास एकही वाघ उरला नव्हता, आणि तोवर कागदावर वाघ होते. बराच काळ खोटं बोललं जात राहिलं आणि बाहेरच्या कुणी ते पडताळलं नाही, हे त्याचं कारण. म्हणून मुदतीबरोबर पडताळणीही यायला हवी. मुंबईत ती सोपी आहे. इथे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीसारखी (बीएनएचएस) १८८३ पासूनची संस्था आहे, कॅमेरा ट्रॅप आहेत, अभ्यासक आहेत, आणि प्रत्येक गोष्टीवर मत असलेले नागरिक तर उदंड आहेत. ज्या अधिकाऱ्याचे आकडे दर वर्षी सगळ्यांसमोर येतात त्याला वतनदारी चालवणं जड जाईल.

तोवर आपल्याला करता येण्याजोगी गोष्ट छोटी आहे. उद्यानाच्या किंवा कांदळवनांच्या आसपास राहणाऱ्या कुणीही माहिती अधिकारात एक पानी अर्ज करावा. गेल्या दहा वर्षांत तिथल्या प्रमुख वनाधिकाऱ्याच्या पदावर किती अधिकारी आले आणि प्रत्येक जण किती महिने टिकला. ज्यांना तीन वर्षांच्या आत हलवलं त्यांची लेखी नोंदवलेली कारणं काय. आणि जाणाऱ्याने येणाऱ्याला वन्यजीवांविषयी कोणता कागद दिला. फी दहा रुपये, आणि उत्तर द्यायला खात्याला तीस दिवस.